पाडलेला पक्षी कुणाच्या खात्यावर?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने अंकासाठी लेख द्यायचा म्हटला की संपादक मंडळाची अपेक्षा ठरलेली असते : सहकारी चळवळ, बँका, महागाई, फार तर ‘स्वयंरोजगार – एक विचार’. मी मात्र या वेळी कुत्र्यांवर लिहिणार आहे. आणि तेही गल्लीतल्या नव्हे, तर बंदुकीने पाडलेले पक्षी झुडपांतून, पाण्यातून शोधून आणणाऱ्या रिट्रीव्हर कुत्र्यांवर. ब्रिटन आणि अमेरिकेत त्यांना हे काम कसे शिकवतात, त्यावर. विषय परका वाटेल, काहींना नकोसाही वाटेल. शिकारीची मला आवड नाही. आपल्या देशात ती बंद आहे याचे मला समाधानच आहे. तरीही या शिक्षणाविषयी वाचत गेले तसतसे जाणवले, की हा विषय मुळात हिशेबाचा आहे. आणि हिशेब म्हटला की आमच्या शाखेला बोलण्याचा अधिकार आहेच!

रविवार पेठेत माझ्या आजोबांचे भुसारी दुकान होते. त्यांच्या वहीत वसूल न झालेली उधारीही शेवटपर्यंत दिसत असे. बुडाले म्हणून खोडायचे नाही, बुडाले असे लिहायचे, हा त्यांचा नियम. दहावीपर्यंत मराठीतून शिकून मी पुढे आले तेव्हा हाच नियम इंग्रजी नाव घेऊन पाठ्यपुस्तकात भेटला : बुडीत येण्यांची तरतूद केल्यावाचून ताळेबंद खरा होत नाही. या लेखात मला एवढेच म्हणायचे आहे, की जो पाडतो त्याच्यावर शोधण्याचेही ऋण चढते. आणि जे सापडले नाही तेही त्याच्याच नावे लिहिले पाहिजे. रिट्रीव्हरचे सगळे शिक्षण या एका ऋणाच्या फेडीसाठी उभे आहे. बंदुका बंद झालेल्या आपल्या गावातही ते ऋण शिल्लक आहेच. कसे, ते शेवटी सांगते.

प्रथम या कुत्र्याची ओळख. शिकारी कुत्रा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुधोळचा कुत्रा येतो. ते साहजिकही आहे. मुधोळ आपल्या भागातलेच, तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी हा वाण जोपासला, आणि २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले. पण मुधोळचा कुत्रा नजरेने हेरतो आणि धावून ससा धरतो. म्हणजे शिकार तोच करतो. रिट्रीव्हर शिकार करीत नाही. पक्षी उडतो, बंदूक वाजते, पक्षी पडतो. तोवर त्याने मालकाच्या पायाशी गप्प बसून पाहायचे असते. त्याचे काम त्यानंतर सुरू होते. पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांनी पक्षी बसल्याची जागा दाखवायची, स्पॅनियलने झुडपात शिरून त्यांना उडवायचे आणि रिट्रीव्हरने पडलेले उचलून आणायचे, अशी ती जुनी कामाची वाटणी आहे.

या वाटणीलाही कारण घडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मागून काडतूस भरायच्या बंदुका ब्रिटनमध्ये रुळल्या. पूर्वी नळीच्या तोंडातून दारू ठासण्यात वेळ जाई. आता थोड्या वेळात पुष्कळ पक्षी पडू लागले. पाडण्याचा वेग वाढला, शोधण्याचा वेग मात्र माणसाच्या पायांइतकाच राहिला. ती तूट भरून काढायला नाकाने शोधणारा कुत्रा हवा होता. न्यूफाउंडलंड बेटावरचे कोळी आपल्या होड्यांवर दाट केसांची, पट्टीची पोहणारी कुत्री बाळगीत. निसटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर ती पाण्यातून ओढून आणीत. ती जहाजांतून ब्रिटनला पोचली, माल्म्सबरी आणि बक्लू या सरदार घराण्यांनी त्यांची पैदास सांभाळली, आणि त्यातून लॅब्रॅडॉर आकाराला आला. १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. गोल्डन रिट्रीव्हरची कुळकथा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली. डडली मार्जोरीबँक्स, म्हणजे पुढचे लॉर्ड ट्वीडमाउथ, यांच्याकडे १८६८ साली नाउस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल कुत्री यांना जी पिल्ले झाली, तिथून हा वंश चालतो. टिळकवाडीत सकाळच्या वेळी साखळीला हिसके देत मालकालाच फिरवून आणणारा जो लॅब्रॅडॉर आपण पाहतो, त्याचे घराणे हे असे कामाचे आहे.

आता पक्षी ‘पडतो’ म्हणजे काय होते ते पाहू. या बंदुकीच्या काडतुसात एकच गोळी नसते, बारीक छऱ्यांची मूठ असते. नेमके लागले तर पक्षी हवेतच मरतो. कडेचे एक-दोन छरे लागले तर पंख मोडतो आणि पाय शाबूत राहतात. असा फेझंट जमिनीवर आदळला की धावत सुटतो आणि कुंपणाच्या बुडाशी, काटेरी जाळीत अंग चोरून बसतो. बदक असेल तर बुडी मारते आणि चोच तेवढी वर ठेवून लव्हाळ्यात लपते. शिकारी जागेवर पोचतो तेव्हा तिथे दोन पिसे असतात. तो काठीने थोडे गवत हलवतो आणि पुढच्या पक्ष्याकडे वळतो. पहिला पक्षी मरायला रात्रभर लागेल, कदाचित आणखी दोन दिवस. किंवा कोल्हा त्याची सुटका करील. शिकाऱ्याच्या पिशवीत तो नाही, म्हणून त्याच्या मोजणीतही नाही. हाच तो न लिहिलेला खर्च.

अमेरिकेत १९१८ साली स्थलांतरी पक्ष्यांविषयीचा कायदा झाला. त्याखालच्या नियमांत असे बंधन आहे, की शिकाऱ्याने मारलेला किंवा जायबंदी केलेला पक्षी हाती मिळवण्याचा वाजवी प्रयत्न त्याने केलाच पाहिजे. कायदा ‘वाजवी प्रयत्न’ म्हणून थांबतो. तो प्रयत्न प्रत्यक्षात उतरवतो तो शिकवलेला कुत्रा. म्हणूनच त्याच्या शिक्षणाकडे करमणूक म्हणून न पाहता जरा बारकाईने पाहावे, असे मला वाटते. त्यात मला चार धडे दिसतात.

पहिला धडा आहे न धावण्याचा. पिल्लू लहान असते तेव्हा नुसता खेळ असतो. अरुंद बोळात गुंडाळलेला मोजा फेकतात. बोळाला दुसरी वाट नसल्यामुळे पिल्लू तो घेऊन परत माणसाकडेच येते. खरी कसोटी काही महिन्यांनी लागते. आता कॅनव्हासची, भरीव, हातभर डमी फेकतात आणि कुत्र्याला जागेवर बसवून ठेवतात. ती डमी अनेकदा शिकवणारा स्वतःच चालत जाऊन उचलतो. डोळ्यांसमोर पडलेली प्रत्येक वस्तू आपली नव्हे, हे कुत्र्याच्या मनावर ठसावे म्हणून. शिट्टीची एक लांब फुंक म्हणजे असशील तिथे बस. तुटक तुटक फुंका म्हणजे परत ये. आमच्या गल्लीतले कुत्रे ‘ये’ म्हटले तरी येते आणि ‘बा’ म्हटले तरी येते; भाषा कोणती याला त्याच्या लेखी महत्त्व नाही, हाक रोज तीच आहे की नाही याला आहे. बंदुकीचा आवाजही असाच बेताबेताने ओळखीचा करतात : आधी दूरवरून, कुत्रा खेळात किंवा खाण्यात रमलेला असताना, मग हळूहळू जवळून. इथे घाई केली आणि कुत्रा आवाजाला एकदा बुजला, की ते भय घालवणे फार कठीण जाते.

दुसरा धडा ध्यानाचा. पक्षी पडताना पाहायचा आणि ती जागा डोळ्यांत धरून ठेवायची. ऐकायला सोपे वाटते. पण गवताच्या माळावर साठ-सत्तर पावलांवर पडलेली वस्तू शोधायला आपण निघालो, की दहा पावलांतच दिशा चुकते. कुत्र्याला आधी एक डमी उघड्यावर, मग दाट गवतात, मग दोन वेगवेगळ्या दिशांना टाकून शिकवतात. दुसरी आणेपर्यंत पहिली कुठे पडली होती ते त्याने विसरायचे नसते. त्यानंतर येतो त्याने पडताना न पाहिलेला पक्षी. कुत्रा पुढे धावतो, माणूस लांबून शिट्टीने त्याला बसवतो आणि हाताच्या खुणेने डावीकडे, उजवीकडे, मागे पाठवतो. शक्यतो वाऱ्याच्या अशा अंगाला पाठवतो की पक्ष्याचा वास वाऱ्याबरोबर कुत्र्याकडे यावा.

इथवर वाटते, की सगळी हुशारी माणसाची. उंटावरून शेळ्या हाकण्यासारखेच हे काम. पण याच टप्प्यावर शिकवणाऱ्याची परीक्षा होते. माणसाला खात्री असते की पक्षी त्या निवडुंगासारख्या काटेरी झुडपापाशीच पडला. कुत्र्याचे नाक सांगत असते, की पडला इथेच, पण निघून गेला ओढ्याकडे. अनाडी माणूस शिट्ट्या फुंकून कुत्र्याला पुन्हापुन्हा झुडपाशी आणतो. जाणता माणूस अशा वेळी शिट्टी तोंडातून काढतो. ज्याला शोधायला शिकवले त्याला शोधू दिले पाहिजे. (गुरुजनवर्गाने हे वाक्य कुत्र्यांपुरतेच समजावे!)

तिसरा धडा अग्रक्रमाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा. समोर पाच पक्षी मरून पडले आहेत आणि सहावा लंगडत झुडपात शिरला आहे. आधी कोणाला आणायचे? मेलेले कुठे जात नाहीत, आधी जखमी. त्यासाठी कुत्र्याने वाटेत सहज हाती येणारे पक्षी ओलांडून, न दिसणाऱ्या पक्ष्याच्या मागावर जायचे असते. हा माग धरायला शिकवण्याची युक्ती मला फार आवडली. मेलेला पक्षी दोरीला बांधून गवतातून फरफटत नेतात आणि त्याचा वास जमिनीवर उमटवतात. पण नेणारा माणूस त्याच वाटेने चालला तर कुत्रा पक्ष्याचा माग न धरता माणसाचाच धरील! म्हणून लांब दोरीच्या दोन टोकांना दोन माणसे दूरदूर चालतात आणि पक्षी मध्ये फरफटत जातो. मधल्या वाटेवर पक्ष्याचाच वास तेवढा राहतो. परीक्षेत उत्तराची खूण पेपरातच राहू नये म्हणून प्रश्न काढणाऱ्याने घ्यावी, तशीच ही काळजी.

चौथा धडा मऊ तोंडाचा. कुत्र्याच्या जबड्याची ताकद आपण जाणतो. त्याच जबड्यात पक्षी असा धरायचा की बरगडी मोडता कामा नये. म्हणून पिल्लाबरोबर कापडाची ओढाओढ खेळत नाहीत, डमी चावत बसू देत नाहीत, आणि त्याच्या तोंडून वस्तू हिसकावून घेत नाहीत. हिसकावली की तो घट्ट धरायला शिकतो. ब्रिटनमधल्या रिट्रीव्हरांच्या स्पर्धांत परीक्षक आणलेल्या पक्ष्याच्या बरगड्या बोटांनी चाचपून पाहतात. कुत्र्याने त्या चिरडल्या असतील तर तो कितीही वेगवान असो, बाद. शिवाय पक्षी जमिनीवर टाकायचा नाही, थेट हातात द्यायचा. पाण्यातून बाहेर आलेल्या कुत्र्याला अंग झटकायची अनिवार इच्छा होते; झटकण्यासाठी त्याने पक्षी खाली ठेवला आणि तो जिवंत असला, तर पुन्हा निसटून जाईल. म्हणून आधी काम हातात सोपवायचे आणि मग अंग झटकायचे, हा क्रम त्याला घोटून घोटून शिकवतात.

कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला हा लेखाचा कच्चा खर्डा मी सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे आधी गोळी घालायची आणि मग मऊ तोंडाचा कुत्रा पाठवायचा! ही दया नव्हे, दयेचा शिष्टाचार.” तिचा आक्षेप मी डावलणार नाही. पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर न पाडणे हीच खरी दया आणि बाकीचे सगळे त्यानंतरचे. पण तिच्या बोलण्यातून शोधणे निरर्थक ठरत नाही. उलट पाडण्याचा हिशेब अधिकच कडक होतो.

या हिशेबाचे एक टोक आपल्याच देशात दगडावर कोरलेले आहे. राजस्थानातल्या भरतपूरच्या पाणथळीवर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मानार्थ शिकार झाली. त्या एका दिवसाचा आकडा तिथल्या शिलालेखावर आहे : ४,२७३ पक्षी. हीच पाणथळ पुढे केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. तो दगड मात्र तिथे आहे. लोक त्या आकड्याने हादरतात. माझ्यातल्या वाणिज्याच्या विद्यार्थिनीला त्यापुढचा प्रश्न पडतो. शिकारीच्या मोजणीत येतात ते हाती आलेले पक्षी. पंख मोडून लव्हाळ्यात शिरले आणि कुणाच्या हाती लागले नाहीत, त्यांना दगडावर रकाना नाही. तो आकडा भयंकर आहेच; पण तो पुरताही नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही आपल्याच मुलखातले आहे. मुंबईत लहानाचे मोठे झालेले सालिम अली यांनी मुलगा असताना छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. ती उचलल्यावर तिच्या गळ्याशी पिवळा ठिपका दिसला. हा पक्षी कोणता, हे विचारायला तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि तिथून भारताला त्याचा पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे इंग्रजी नावही त्या चिमणीच्या पडण्यावरूनच आहे. मुले चिमण्या पाडीत. या मुलाने पाडलेली उचलून नीट पाहिली. सगळा फरक एवढ्या उचलण्यात आहे.

दुसरा आक्षेप शिक्षणाच्या पद्धतीवर आहे आणि तो मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. अमेरिकेत कुत्र्याने डमी तोंडात धरेपर्यंत त्याचा कान चिमटीत दाबण्याची पद्धत पुष्कळ शिकवणारे वापरत आले आहेत. विजेचा झटका देणारा गळपट्टाही वापरतात. असे शिकलेले कुत्रे कामाला पक्के होते, असे त्यांचे म्हणणे. वेल्समध्ये २०१० पासून अशा गळपट्ट्यावर कायद्याने बंदी आहे. माझे मत स्पष्ट आहे : ज्या शिक्षणाचा हेतूच जखमी प्राण्याचे हाल कमी करणे, त्याचा आरंभ दुसऱ्या प्राण्याला वेदना देऊन करणे हा हिशेबातला घोटाळा आहे. एका खात्यावरचे कर्ज फेडायला दुसऱ्या खात्यावर कर्ज काढण्यासारखे ते आहे. बोळात फेकलेल्या मोज्यापासून सुरुवात करून, शाबासकीवर आणि रोजच्या दहा मिनिटांवर कुत्री तयार करणारेही लोक आहेत. वेळ जास्त लागत असेल, लागू द्या. पाडायला क्षण लागतो, शोधायला शिकण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात, यातच या विषयाचे सार आहे.

कोणी म्हणेल, हे ठीक. पण आपल्याला त्याचे काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडे शिकारीचा खेळ संपला. बंदूक नाही, मग पाडलेला पक्षीही नाही.

इथेच आपली गफलत होते. बंदूक गेली, पक्षी पडणे गेलेले नाही. पतंगांच्या दिवसांत कोणत्याही वस्तीतल्या उंच झाडाकडे मान वर करून पाहा. नायलॉनच्या मांज्यात पंख अडकून उलटी लोंबणारी घार, तारेला गुंतलेला कावळा, संध्याकाळी झाडावर परतताना पंख कापून घेणारा बगळा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली नायलॉनच्या आणि तशाच कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. तरी हवा त्याला तो मिळतोच. सुती दोरा पावसापाण्याने कुजतो. नायलॉन कुजत नाही. पतंग फाटून गेल्यावर कित्येक महिने तो फांद्यांमध्ये तसाच ताणलेला राहतो आणि पक्षी पाडत राहतो. तोवर पतंग उडवणारा अभ्यासाला लागलेला असतो. गच्चीवर मोजणी झाली ती काटलेल्या पतंगांची. दोरा कुठे गेला आणि त्याने कोणाला कापले, याला तिथेही रकाना नाही. भरतपूरच्या दगडात आणि आपल्या गच्चीत या बाबतीत मला फारसा फरक दिसत नाही. फरक असलाच तर तो आपल्या विरुद्ध जातो. तिथल्या शिकाऱ्याला आपण पक्षी पाडतो हे ठाऊक तरी होते.

म्हणून माझी सूचना अशी. पतंगांचा मोसम उतरला की आपल्या महाविद्यालयातल्या मुलामुलींनी, मराठी विभाग आणि कन्नड विभाग असा भेद न ठेवता, दोघादोघांच्या जोड्या करून आठवडाभर सकाळी आपापल्या भागात फिरावे. गुजरातेत उत्तरायणाच्या सुमारास २०१७ पासून ‘करुणा अभियान’ चालते. शासन, पशुवैद्य आणि स्वयंसेवक मिळून जखमी पक्षी उचलतात. आपल्याला एवढा मोठा पसारा नको. रिट्रीव्हरचे चार धडे पुरेत.

न धावणे : पक्षी दिसला की आरडाओरडा करीत त्याच्या अंगावर जायचे नाही, तो भिऊन आणखी गुंतेल. विजेच्या तारेवर किंवा उंच झाडावर असेल तर स्वतः चढायचे नाही. वीज खात्याला, अग्निशामक दलाला, वनखात्याला कळवायचे. ध्यान : कुठे पडला, कोणत्या दिशेला सरपटला, ती जागा एकाने नजरेत धरून उभे राहायचे आणि दुसऱ्याने शोधायचे. अग्रक्रम : मेलेल्या पक्ष्याचे छायाचित्र काढत बसण्याआधी जिवंत कुठे आहे ते पाहायचे, मग फांद्यांत अडकलेला मांजा गोळा करायचा, कारण तो पुढचे पक्षी पाडणार आहे. आणि मऊ तोंड : अंगावर कापड टाकून हलकेच धरायचे, मांजा ओढून काढायचा नाही, दोन्ही बाजूंनी कापायचा, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवायचे, चोचीत पाणी ओतायचे नाही, आणि मध्ये कुठेही न थांबता पशुवैद्याच्या हातात द्यायचे. अंग झटकणे, म्हणजे आपले कौतुक आणि आपली छायाचित्रे, त्यानंतर.

यात एकही कुत्रा लागत नाही. मांज्याने भरलेल्या झाडोऱ्यात कुत्रा नेऊही नये; त्याचेच पाय कापतील. ज्यांच्या घरी लॅब्रॅडॉर आहे त्यांनी मात्र त्याच्या नाकाला घरच्या घरी काम द्यावे. जुना मोजा उशीमागे लपवा, शोधायला सांगा, सापडल्यावर शाबासकी द्या. पाच पिढ्यांचे शहाणपण साखळीला बांधून ठेवून ‘हा फार दंगा करतो’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

शेवटी एक मागणी, तीही वाणिज्य शाखेची. अशी फेरी निघालीच, तर तिचा अहवाल अंकात छापताना ‘इतके पक्षी वाचवले’ एवढ्यावर थांबू नये. वाचवले किती, मेलेले मिळाले किती, आणि पडताना पाहिले पण शोधूनही सापडले नाहीत असे किती, असे तीन रकाने असावेत. तिसऱ्या रकान्यातला आकडा कोणालाच आवडणार नाही. पण तो लिहिल्याशिवाय वर्षाचा हिशेब बंद करू नये.